कातड्याचा पहिला प्रहर

आमच्या गावच्या वाड्यात माजघराच्या दारावर एका बिबट्याचं कातडं टांगलेलं होतं. लहानपणी त्याखालून जाताना मी मान खाली घालून पळत जायची. डोक्याच्या जागी डोकं नव्हतं, नुसतं चपटं तोंड होतं आणि त्यावर दोन कान. पण मला भीती वाटायची ती पोटाच्या बाजूची. तिथे हातभर लांबीचा एक पट्टा पूर्ण बोडका होता. केस नाहीत, ठिपके नाहीत. जुन्या तेलकट कागदासारखी पिवळट कातडी. घरात त्याची गोष्ट ठरलेली होती. गोळी तिथे लागली, जखमी बिबट्या करवंदीच्या जाळीतून अंग घासत गेला, म्हणून केस गेले. आजोबा ही गोष्ट रंगवून सांगत आणि आम्ही ती पुढे सांगत आलो.

बऱ्याच वर्षांनी एका संग्रहालयाच्या भांडारात मी काम शिकत होते. तिथे प्राण्यांच्या कातड्यांची देखभाल करण्यात हयात घालवलेले एक काका होते. त्यांना मी त्या कातड्याचा फोटो दाखवला. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, फोटो डोळ्यांजवळ धरला आणि म्हणाले, "ताई, गोळीनं भोक पडतं, टक्कल पडत नाही. हा उन्हात पडून होता. सकाळी मारला असेल, सोलला दिवस कलल्यावर." थोडं थांबून पुढे म्हणाले, "आणि कान बघितलेत का?" मी कान बघितले. मला त्यांत काही दिसलं नाही आणि विचारायचा धीरही झाला नाही.

हे पुस्तक त्या दोन वाक्यांतून उगवलं आहे. शिकारीवर मराठीत कमी लिहिलेलं नाही. हाकारे, मचाण, चांदण्या रात्रीची वाट पाहणं, बंदुकांची नावं, जनावराची लांबी, हे सगळं वाचायला मिळतं. गोळी सुटते, जनावर पडतं आणि प्रकरण संपतं. पुढच्या प्रकरणात ते थेट दिवाणखान्यात, काचेचे डोळे लावून उभं असतं. मधलं पान कोरं. त्या कोऱ्या पानावर काय घडत होतं, कोण काम करत होतं, कोणत्या हत्यारानं आणि किती घाईनं, ते मांडायचा हा प्रयत्न आहे. माझं म्हणणं एवढंच आहे की संग्रहालयात उभा असलेला वाघ टिकणार की झडणार याचा निकाल कारागिराच्या कारखान्यात लागत नसे. तो जंगलात, पहिल्या काही तासांत लागलेला असे, आणि तो लावणाऱ्याचं नाव आपण कुठेच लिहून ठेवलेलं नाही.

सुरुवातीला एक गैरसमज दूर करते. आपण सर्रास 'पेंढा भरलेला वाघ' म्हणतो. शब्द जुना आहे आणि एके काळी तो खराही होता. पण चांगल्या चर्मपूरणात पेंढा 'भरत' नाहीत. आधी जनावराच्या मापाचा साचा तयार होतो आणि त्यावर कमावलेलं कातडं चढवून शिवतात. साचा कागदाच्या लगद्याचा, डोळे काचेचे, जीभ आणि तोंडाच्या आतला भाग घडवलेला. खरं म्हणजे आपण ज्याला वाघ म्हणून बघतो त्यात वाघाचं स्वतःचं असं कातडंच असतं. दात-नखं असली तर असली. म्हणून कातडं गेलं की सगळं गेलं. साचा दुसरा करता येतो, डोळे दुसरे बसवता येतात. ओठाची कड गळून पडली तर जगातला कोणताही कारागीर ती परत आणू शकत नाही.

आणि कातडं जायला लागतं ते जनावर पडल्या क्षणापासून. जिवंतपणी जे जंतू त्वचेवर आणि आतड्यांत मुकाट असतात, त्यांना अडवणारं कुणी उरत नाही. रक्त थांबतं, पण शरीराची ऊब तासन् तास आत कोंडून राहते, कारण केसांचा जाड थर तिला बाहेर पडू देत नाही. त्वचेचा वरचा पापुद्रा आणि त्याखालचा जाड थर यांना धरून ठेवणारा सांधा आधी सडतो. केसांची मुळं त्या सांध्यातूनच आत उतरलेली असतात. वरून काही कळत नाही. कातडं ताजं दिसतं, चकाकतं. कारागिरानं ते पाण्यात भिजवलं, हलकेच चिमटीनं ओढलं की पुंजकेच्या पुंजके हातात येतात. या धंद्यात याला 'केस सुटणं' म्हणतात. पोट, काखा, कान, ओठ, पापण्या, पंजे, या क्रमानं नाही तरी याच जागांवर ते सुरू होतं. बहुधा पोट पहिलं, कारण तिथली त्वचा पातळ आणि आतड्यांची उष्णता तिला चिकटून.

आपल्याकडची अडचण अशी की वाघाच्या शिकारीचा भर हंगामच उन्हाळ्याचा. चैत्र-वैशाखात नाले आटतात, पाणवठे दोन-चारच उरतात, झाडी विरळ होते, वाघ कुठे येणार हे ठरून जातं. शिकाऱ्याला जो काळ सोयीचा तोच कातड्याला सर्वांत वाईट. मेळघाटात किंवा चांद्याच्या जंगलात मे महिन्यातली दुपार ज्यानं पाहिली आहे त्याला सांगायला नको की तिथे मेलेलं जनावर किती वेळ 'ताजं' राहतं. मारल्यावर ते हत्तीवर किंवा बांबूला बांधून तळावर आणायचं, गावकऱ्यांनी बघायचं, साहेबांनी किंवा राजेसाहेबांनी पाय ठेवून फोटो काढायचा, मापं घ्यायची, मग जेवणं. या सगळ्यात तो पहिला प्रहर निघून जायचा. आमच्या बिबट्याचं तेच झालं असणार. आजोबांच्या संग्रहात त्या दिवसाचा फोटो आहे, सावल्या आखूड पडलेल्या आहेत, भर दुपारच्या.

सोलणारा माणूस या फोटोत नसतो. असला तर कडेला, धूसर.

हे सोलणारे कोण होते? बहुतेक वेळा गावातलेच, ज्यांच्या हातांना कातड्याची सवय आहे असे. ढोर, चांभार, खाटीक, कधी तळावरचा खास शिकवून तयार केलेला माणूस. इथे एक गोष्ट माझ्या वाचनात कुठेच नीट मांडलेली आढळली नाही, म्हणून सविस्तर सांगते. गावातल्या कातडं कमावणाऱ्याचं पिढीजात ज्ञान मोठं होतं. बाभळीची साल, हिरडा, चुना यांचं प्रमाण त्याला बोटांवर कळायचं. कोल्हापुरी वहाणेचं चामडं त्याच ज्ञानातून आलं. पण त्या सगळ्या विद्येची पहिली पायरी कोणती? चुन्यात भिजवून केस काढून टाकणं. वहाणेला, मोटेला, पखालीला केस नकोच असतात. शिकारीच्या कातड्याला मात्र केसच हवे असतात. म्हणजे ज्याला हाताशी धरायचं त्या माणसाला, आयुष्यभर जे करत आलास त्याच्या नेमकं उलटं कर, असं सांगायचं. जे केस सैल व्हावेत म्हणून तो धडपडायचा ते आता घट्ट राहिले पाहिजेत. शिकारी साहेबांच्या आठवणींत 'गावठी चांभारानं कातडं बिघडवलं' अशी तक्रार वारंवार येते. त्या तक्रारीकडे मी आता वेगळ्या नजरेनं बघते. त्या माणसाला काम सांगताना कुणी हा फरक समजावून दिला होता का, हा प्रश्न त्या आठवणींत नसतो. आणि ज्यांनी तो फरक एका उन्हाळ्यात आत्मसात केला, त्यांचं कौतुकही नसतं.

काम कसं होत असे ते आता बघू. आधी मापं. कातडं एकदा उतरलं की ते ताणलं तसं ताणतं. नाकापासून डोळ्यापर्यंतचं अंतर, मानेचा घेर, छातीचा घेर, हे सोलण्याआधीच मोजून ठेवलं नाही तर कारागिराला साचा कशाच्या आधारानं करायचा तेच कळत नाही. लंडनच्या रोलंड वॉर्ड या प्रसिद्ध चर्मपूरकानं १८९२ पासून मोठ्या शिकारींच्या मापांची नोंदवही छापायला सुरुवात केली आणि इंचाइंचासाठी चढाओढ लागली. खुंट्या ठोकून कातडं लांबवण्याचा मोह कितीतरी जणांना आवरला नाही. अशा कातड्यावर चढवलेला वाघ पुढे लांबट, घोड्यासारख्या मानेचा दिसतो. काही जुन्या संग्रहांत तसे वाघ आजही उभे आहेत.

मग चीर. संपूर्ण कातडं हवं असेल तर हनुवटीपासून शेपटीच्या टोकापर्यंत पोटाच्या मध्यरेषेवर एक सरळ चीर आणि चारही पायांच्या आतल्या बाजूनं तिला येऊन मिळणाऱ्या चिरा. सुरी नेहमी आतून बाहेर चालवायची, म्हणजे पातं केसांच्या मधून निघतं, केस कापत नाही. फक्त डोकं आणि मान भिंतीवर लावायची असेल, सांबराचं किंवा चितळाचं, तर चीर मानेच्या मागच्या बाजूनं, कारण बघणाऱ्याची नजर पुढच्या बाजूवर पडते. सवयीनं ज्यानं गळा कानाखालीच चिरला त्यानं ते डोकं कायमचं वाया घालवलं. कितीही बारीक शिवलं तरी तो टाका दिसतो.

धड सोलणं तसं सोपं. बोकड सोलणाऱ्या कुणालाही ते जमेल. खरी परीक्षा डोक्याशी आणि पंजांशी. कान हे वरून दिसायला नुसती पाळी. पण तिच्या दोन थरांच्या मध्ये कुर्चा, म्हणजे लवचीक मऊ हाड, असते आणि तिथे हवा किंवा मीठ पोचत नाही. म्हणून मागच्या बाजूची त्वचा कुर्चेपासून बोटानं, बोथट काडीनं, अगदी टोकापर्यंत सोडवत न्यायची आणि कान मोज्यासारखा उलटा करायचा. घाई केली की भोक पडतं, आळस केला की टोकाचे केस जातात. ओठांची आतली आणि बाहेरची त्वचा एकमेकींपासून वेगळी करायची, मधलं मांस काढायचं. पापण्यांचं तेच. नाकाची कुर्चा उघडायची. मिशांची मुळं मांसात खोल असतात. तिथे जास्त खरवडलं तर मिश्या गळतात, कमी खरवडलं तर ओठ सडतो. पंजे शेवटच्या पेरापर्यंत सोडवायचे, तळव्याच्या गाद्या आतून मोकळ्या करायच्या. वाघाच्या एका डोक्याला सराईत हातालाही बराच वेळ लागतो आणि हे सगळं माशांच्या घोंघाटात, पेट्रोमॅक्सच्या उजेडात, डोळ्यांवर झोप असताना.

यानंतर मांसाचा आणि चरबीचा कण न् कण खरवडून काढायचा. वाघाच्या, अस्वलाच्या अंगावर चरबी भरपूर. चरबी राहिली तिथे मीठ आत शिरत नाही, आणि पुढे ती वितळून कातड्याला आतून जाळते.

आणि मग मीठ. या पुस्तकातलं सर्वांत मोठं प्रकरण मिठावर आहे आणि त्याबद्दल मी मुळीच दिलगीर नाही. मीठ कातड्यातलं पाणी ओढून घेतं. पाणी नाही तर जंतूंची वाढ नाही. आपल्या आजीच्या लोणच्याच्या बरणीत जे घडतं तेच इथे घडतं. मीठ बारीक हवं. खडेमीठ कुटून, चाळून घ्यायचं, कारण दोन खड्यांच्या मधली जागा तशीच राहते आणि सडायला तेवढी पुरते. कातड्याच्या वजनाच्या निम्म्यापासून ते बरोबरीपर्यंत मीठ लागतं, म्हणजे एका वाघाला कित्येक किलो. ते नुसतं भुरभुरवायचं नाही, तळहातानं चोळायचं. कडांना, कानांच्या आत, ओठांच्या घडीत, पंजांत, शेपटीच्या चिरेत. मग आतली बाजू आत घेऊन घडी घालायची, गुंडाळी करायची आणि उतारावर ठेवायची, म्हणजे सुटलेलं पाणी वाहून जाईल. साधारण दिवसभरानं उघडून ओलं झालेलं मीठ झटकून टाकायचं आणि नवं चोळायचं. त्यानंतर सावलीत, वाऱ्यावर वाळवायचं.

सावलीत, हा शब्द जुन्या सगळ्या सूचनांत ठळक असतो. उन्हात कातडं लवकर वाळतं हे खरं, पण ते वाळत नाही, शिजतं. त्वचेतले धागे उष्णतेनं सरसासारखे होतात. मग कारागिरानं कितीही भिजवलं तरी ते मऊ होत नाही, तडकतं. शेकोटीजवळ टांगलेल्या कातड्याचंही हेच. पोत्यात किंवा बंद पेटीत ओलं कोंबलेलं कातडं तर एका रात्रीत हातचं जातं.

पावसाळा तोंडावर आला की मिठाची दुसरी बाजू दिसायची. आपल्या साध्या मिठाला पाणी सुटतं हे घराघरात माहीत आहे. खारवलेलं कातडं जूनच्या हवेत पुन्हा ओलं व्हायचं. म्हणून हिंदुस्थानातले शिकारी बहुधा तुरटीकडे वळले. तुरटीची पूड, कधी तिच्यात सोरा मिसळून, आतून चोळायची. तुरटीनं केसांची मुळं आवळली जातात, हे दाढीनंतर तुरटीचा खडा फिरवणाऱ्या आपल्या आजोबांना ठाऊक होतं. तिनं कातडी वाचली, यात शंका नाही. पण तुरटी अति झाली की कातडं फळीसारखं होतं आणि साच्यावर ताणताना त्रास देतं. मीठ की तुरटी हा वाद त्या काळी खूप चालला. माझं मत मिठाच्या बाजूनं आहे, आणि जिथे हवा दमट होती तिथे तुरटी वापरणाऱ्यांना मी दोष देत नाही. त्यांच्यासमोर पाऊस होता.

आता विषाबद्दल. फ्रान्समधल्या मेट्झ गावच्या झाँ-बातिस्त बेकर या औषध-विक्रेत्यानं अठराव्या शतकात साबण, कापूर, चुना आणि सोमल, म्हणजे आर्सेनिक, यांचं मिश्रण शोधून काढलं. किडे त्याला शिवत नसत. त्यानं कृती हयातभर गुप्त ठेवली. त्याच्या मृत्यूनंतर एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ती छापली गेली आणि जगभर पसरली. शिकारीच्या तळावर तो डबा असायचाच. ज्या हातांनी तो कातड्याला फासला त्याच हातांनी भाकरी खाल्ली गेली असणार, हे मनात आलं की अजून अस्वस्थ होते. आज कोणत्याही जुन्या संग्रहालयात शंभर वर्षांपूर्वीचं कातडं हातमोज्यांशिवाय हाताळत नाहीत. विष अजून तिथेच आहे. काकांनी मला पहिल्या दिवशी जे शिकवलं ते हेच: "आधी हात झाकायचे, मग बघायचं."

कातड्यावर पहाराही ठेवावा लागे. मिश्या उपटून नेल्या जात, नखं गळ्यातल्या ताइतासाठी, चरबी सांधेदुखीवर लावायला. वाघाच्या खांद्यात मांसात सुटं असणारं लहानसं हाड भाग्याचं म्हणून लोक आवर्जून शोधत. साहेब याला चोरी म्हणत. ज्या गावाची गुरं त्या वाघानं वर्षभर मारली होती, त्या गावाला त्यात आपलाही वाटा वाटला तर मला ते समजू शकतं.

इतकं सगळं पार पडलं की घडी केलेलं कातडं पेटीत घालून रवाना व्हायचं. दक्षिणेतून, मध्य हिंदुस्थानातून, संस्थानांमधून अशा असंख्य पेट्यांवर एकच पत्ता असायचा: व्हॅन इंगेन आणि व्हॅन इंगेन, म्हैसूर. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला युजीन व्हॅन इंगेन यांनी सुरू केलेला आणि त्यांच्या मुलांनी वाढवलेला हा कारखाना शतकाच्या अखेरीपर्यंत चालला. वाघ आणि बिबटे मिळून ४०,०००हून अधिक जनावरं त्यांच्या हाताखालून गेली. कोल्हापूरच्या नव्या राजवाड्यात छत्रपतींच्या शिकारींचा जो संग्रह आहे त्यात म्हैसूरचं हे काम जवळून बघायला मिळतं. ओठांची कड, नाकपुडीचा ओलसर भास, कपाळावरची आठी बघत मी तिथे एकदा अर्धा दिवस काढला. पण हेही खरं की म्हैसूरच्या मंडळींना हे साधलं ते पेटीतून धड कातडं आलं म्हणून. केस सुटलेलं कातडं त्यांच्याकडेही आलं तर तेही हतबल. म्हणूनच असे कारखाने गिऱ्हाइकांसाठी सूचना छापत असत. कसं सोला, काय चोळा, कसं बांधा. त्या सूचना साहेब वाचायचा आणि अमलात आणायचा दुसराच कुणीतरी, ज्याला बहुधा वाचता येत नव्हतं.

याच कारखान्याशी एक हुरहूर लावणारी नोंद जोडलेली आहे. भारतातले मूळचे अखेरचे चित्ते म्हणून जे तीन ओळखले जातात ते १९४७च्या सुमारास कोरिया संस्थानच्या महाराजांनी मारले. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात १९४८ साली चित्त्यांवर जे टिपण आलं ते व्हॅन इंगेन यांच्या नावानं. एक अख्खा प्राणी या देशातून गेल्याची खूण चर्मपूरकाच्या टिपणात उरते, यावरून या धंद्याकडे किती गोष्टी येऊन थांबत होत्या ते कळावं.

सोलणं म्हणजे वाचणंही असतं. कुमाऊंत जिम कॉर्बेटनी ज्या नरभक्षकांना मारलं त्यांच्याबद्दल त्यांनी लिहिलेलं सगळ्यांत मोलाचं ज्ञान कातड्याखाली मिळालेलं आहे. चंपावतच्या वाघिणीचे उजवीकडचे वरचे-खालचे सुळे जुन्या गोळीनं तुटलेले होते. मुक्तेश्वरच्या वाघिणीचा एक डोळा गेलेला आणि पुढच्या पायात साळिंदराचे पन्नासेक काटे रुतलेले. ती माणसांकडे का वळली याचं उत्तर त्या काट्यांत होतं. सुरी त्या काट्यांपर्यंत पोचली नसती तर ती फक्त 'क्रूर वाघीण' राहिली असती.

शिकारीपासून विज्ञानाकडे जाणारी वाटही इथूनच निघते, आणि ती वाट मुंबईतून गेलेली आहे. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी १८८३ साली स्थापन झाली तेव्हाच्या आठ संस्थापकांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोघे होते. १९०८ साली पिवळ्या गळ्याची एक चिमणी कागदात गुंडाळून शाळकरी सालिम अली त्याच सोसायटीच्या मिलार्ड साहेबांकडे गेले. साहेबांनी त्यांना कातड्यांनी भरलेले कप्पे उघडून दाखवले, आणि पक्षी सोलून टिकवण्याचे पहिले धडेही त्यांना तिथेच मिळाले. पुढे सोसायटीनं १९११मध्ये सस्तन प्राण्यांची जी मोठी पाहणी हाती घेतली, तिचा पहिला अहवाल खानदेशाचा आहे. तिथे वाघ-सिंह नव्हते. उंदीर, घुशी, वटवाघळं, खारी होत्या. प्रत्येकाचं कातडं उतरवून, कापूस भरून, पायाला चिठ्ठी बांधायची: जागा, तारीख, मापं, गोळा करणाऱ्याचं नाव. त्या चिठ्ठीशिवाय कातडं म्हणजे नुसती कातडी. मोठ्या शिकाऱ्यांनी या लहान चिठ्ठीचं महत्त्व ओळखलं असतं तर आज आपल्या जंगलांबद्दल कितीतरी जास्त कळलं असतं. दिवाणखान्यातल्या हजारो वाघांपैकी बहुतेकांचं गावही आपल्याला माहीत नाही.

खानदेशाचीच आणखी एक गोष्ट. रानपिंगळा हा छोटा घुबडवर्गी पक्षी. त्याची अगदी मोजकी कातडी जगात होती, त्यांतली काही जेम्स डेव्हिडसन या सनदी अधिकाऱ्यानं १८८०च्या दशकात खानदेशात मिळवलेली. नंतर रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याच्या संग्रहातून एक कातडं पुढे आलं, चिठ्ठीवर १९१४ आणि गुजरातेतलं मांडवी. शोधणाऱ्यांनी त्या चिठ्ठीवर विश्वास ठेवला आणि त्यांना पक्षी सापडला नाही. अमेरिकन पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी ते कातडं बारकाईनं तपासलं, क्ष-किरणांखाली धरलं. ते उसवून, भिजवून, नव्यानं भरून शिवलेलं होतं, पण आत मूळच्या हाताच्या खुणा उरल्या होत्या. ती पद्धत डेव्हिडसनच्या कातड्यांची होती. कातडं लंडनच्या संग्रहालयातून चोरलेलं, चिठ्ठी बनावट. रासमुसेन आणि त्यांचे सहकारी ती चिठ्ठी बाजूला ठेवून जुन्या खऱ्या जागांकडे वळले आणि नोव्हेंबर १९९७मध्ये शहाद्याजवळ रानपिंगळा त्यांना जिवंत दिसला, शेवटच्या खऱ्या नोंदीनंतर ११३ वर्षांनी.

मी ही हकीकत पहिल्यांदा वाचली तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिले. पक्षी सोलताना हात जसा चालतो, भराव जसा घातला जातो, ते सहीइतकं वेगळं असतं आणि शंभर वर्षं टिकतं. चिठ्ठी खोटं बोलली, टाक्यांनी खरं सांगितलं.

आज हे सगळं आपल्या देशात इतिहासजमा आहे, आणि ते तसंच राहावं अशी माझी ठाम इच्छा आहे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकार बंद झाली. जुनं कातडं घरात ठेवायचं तर मालकीचा दाखला लागतो. जंगलात वाघ मेला तर शवविच्छेदनानंतर त्याला अधिकाऱ्यांसमोर पूर्ण जाळतात, कारण कातड्याच्या बाजारानं वाघाचं काय केलं ते आपण पाहिलं आहे. प्राणिसंग्रहालयात म्हातारपणानं गेलेल्या जनावरांसाठी मात्र बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात २००९पासून चर्मपूरणाचं केंद्र आहे. मुंबईच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातले डॉ. संतोष गायकवाड यांनी ते उभं केलं. नामिबियात, दक्षिण आफ्रिकेत, अमेरिकेत शिकार कायद्यानं चालते, आणि तिथे आजही सूचना त्याच आहेत: थंड करा, लवकर सोला, भरपूर मीठ. मिठाच्या जोडीला शीतपेटी आली, एवढाच फरक.

मग हे पुस्तक कशासाठी? शिकार शिकवण्यासाठी नक्कीच नाही. आपल्या राजवाड्यांत, शाळांच्या प्रयोगशाळांत, जिल्ह्याजिल्ह्यांतल्या संग्रहालयांत ही हजारो कातडी आजही आहेत. ती आणखी तयार होणार नाहीत आणि होऊ नयेत. म्हणूनच जी आहेत ती वाचता आली पाहिजेत. टक्कल कुठे पडलंय, ओठ का तडकलाय, मान लांबट का दिसते, शिवण कुठून गेलीय, हे ज्याला कळेल तो त्या कातड्याला वाळवी लागू देणार नाही आणि आतल्या विषापासून मुलांनाही जपेल. पुढच्या प्रकरणांत तळ, सुरी, मीठ, तुरटी, सोमल, पेटी आणि कारखाना या क्रमानं हे वाचन केलं आहे. सोलणाऱ्यांची नावं मला मिळाली नाहीत. जुन्या हिशेबाच्या वह्यांत 'कातडे सोलणाऱ्यास' असा उल्लेख आणि पुढे आणे-पै, एवढंच.

गेल्या दिवाळीत मी वाड्यात गेले तेव्हा शिडी लावून वर चढले. हातमोजे घातले, टॉर्च धरला आणि काकांचा तो प्रश्न इतक्या वर्षांनी नीट ऐकला. पोटाचा पट्टा बोडका होता, तसाच. कान मात्र दोन्ही अखंड होते. टोकापर्यंत केस भरलेले, मागचा पांढरा ठिपका जसाच्या तसा, कडा कुठेही कुरतडलेल्या नाहीत. मागून बोट फिरवलं तेव्हा दोन थरांच्या मध्ये काहीच लागलं नाही. कुर्चा टोकापर्यंत काढलेली होती, एकही भोक न पाडता. दिवस मावळल्यावर, गरम झालेलं जनावर समोर टाकल्यावर, कुणीतरी कंदिलाच्या उजेडात बसून ते दोन्ही कान उलटे केले होते.